माणूस माल न्हाय

आबा,

लग्नाच्या मांडवात तुम्हाला पाहिलं होतं, पण तेव्हा माझी मान खाली होती. खरं पाहिलं ते त्यानंतर पाच महिन्यांनी, बारामतीच्या एमआयडीसीत, तुमच्या पशुखाद्याच्या कारखान्यात. तुम्ही जवळचा चष्मा घरी विसरला होता आणि आईंनी तो रुमालात गुंडाळून माझ्याजवळ दिला होता. लोणी भापकरहून मी एसटीनं एकटीच आले होते. वॉचमननं आत सोडलं आणि गोदामाच्या भिंतीपाशी थांबायला सांगितलं. तुमच्या सासऱ्यांचं मोठं काम चाललंय, संपल्यावर भेटा, म्हणाला.

अंगणात एक नवं मशीन उभं होतं, पेंडीच्या कांड्या पाडायचं. आमच्या माहेरच्या न्हाणीघराएवढं असेल. क्रेननं ते ट्रेलरवरून उतरवलं होतं, पण पत्र्याच्या छपराखाली क्रेन शिरत नव्हती, म्हणून पुढचं काम तुमच्यावर आलं होतं. दार आणि मशीन यांच्यात दोन्ही अंगांना चार-चार बोटं जागा राहत होती. मला वाटलं, तुम्ही येऊन शेजारी उभी असलेली गाडी सुरू कराल. तुम्ही आधी खराटा घेतलात. अंगणापासून आतल्या चौथऱ्यापर्यंतची सगळी वाट स्वतः झाडलीत. एक खडा राहिला होता, तो उचलून खिशात टाकलात. मग मशीनभोवती तीन फेऱ्या मारल्यात आणि एका जागी तळहात टेकवून बराच वेळ उभे राहिलात. वजन कुठल्या अंगाला जास्त आहे ते तुम्ही बघत होता, हे मला फार नंतर कळलं. त्या दिवशी वाटलं, तुम्ही त्याला काहीतरी सांगताय.

मी तोवर ट्रॅक्टर पाहिला होता, जेसीबी पाहिला होता. फोर्कलिफ्ट पहिल्यांदाच पाहत होते. बुटकी, पिवळी, पुढं दोन लांब लोखंडी काटे. एवढीशी गाडी हे धूड उचलेल यावर माझा विश्वास नव्हता. तिनं ते उचललं, आणि तेही वीतभरच. आत एकजण हातानं खुणा करत उभा होता आणि तुम्ही मशीनकडं न बघता फक्त त्याच्या हाताकडं बघत होता. पंचवीस-तीस माणसं भोवती होती. कुणी खोकलंसुद्धा नाही. मशीन दारातून गेलं तेव्हा चौकटीचा रंगही खरवडला नाही. तुम्ही खाली उतरलात, फडक्याला हात पुसले, मला पाहिलंत आणि म्हणालात, "चष्मा आणलास व्हय? बरं झालं."

एवढंच. जणू इतका वेळ तुम्ही चष्म्याचीच वाट बघत होता.

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. लोक येतात, बसतात, तुम्ही किती साधे होता ते सांगतात. मी मान हलवते. तुम्ही साधे नव्हता, आबा. तुम्ही अवघड माणूस होता, आणि माझं तुमच्याशी एक भांडण अर्धवट राहिलंय. म्हणून लिहायला बसले.

फोर्कलिफ्टवर बसायच्या आधी तुम्ही बारामतीच्या मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा पाठीवर वाहत होता, हे मला आईंनी सांगितलं. तुम्ही स्वतः त्याबद्दल फारसं बोलला नाहीत. मी एकदा विचारलं होतं, की कुठलीही गोण, पेटी, मोटर नुसती बघून तुम्ही तिचं वजन कसं सांगता. तुम्ही म्हणालात, "पाठीला इचारतो." मला ती थट्टा वाटली. नंतर तुमच्याबरोबर काम करताना कितीदा पाहिलं, वजनकाट्याचा आकडा आणि तुमच्या पाठीचा आकडा यांत दोन-चार किलोंचा फरक. गोदामातली माणसं तुम्हाला अंदाज विचारायची आणि मग काट्यावर घालून बघायची, आणि दर वेळी एकमेकांकडं बघायची.

पहिली दोन वर्षं मी त्याच कारखान्यात भरणीला होते, गोण्यांची तोंडं शिवायच्या मशीनवर. मान वर केली की तुम्ही दिसायचा. मका यायचा, सरकीची पेंड यायची, मळीची पिंपं यायची. तुम्ही ते उतरवून आत न्यायचा. आत त्याचं खाद्य व्हायचं, आमच्या हाताखालून गोण्या जायच्या, आणि तीस-तीस गोण्यांचं एकेक लाकडी पॅलेट उचलून तुम्ही पुन्हा ट्रकमध्ये ठेवायचा. ते ट्रक इंदापूरला, दौंडला, फलटणला जायचे. गावोगावच्या गोठ्यांत गोण्या सुटायच्या. मी शिवता शिवता विचार करायची, की या तालुक्यांतल्या निम्म्या घरांच्या सकाळच्या चहात तुमचा हात आहे आणि चहा पिणाऱ्याला ते ठाऊक नाही. तुम्ही एक दिवस आला नाहीत तर सगळं जागच्या जागी थांबायचं. मका अंगणात, गोण्या आत, ट्रक दारात. त्या दिवशी कळायचं की कारखाना म्हणजे भिंती आणि मशीनं नाहीत. एका जागचं दुसऱ्या जागी जातं म्हणून तो कारखाना.

तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा साहेबांनी दुसरा ऑपरेटर शोधायला घेतला. मी तुम्हाला जेवताना म्हटलं, मला शिकवाल का. आईंच्या हातातली पळी थांबली. तुम्ही जेवून उठलात. चार दिवस बोलला नाहीत. मला वाटलं, विषय संपला. पाचव्या दिवशी ताटावर बसलात आणि विचारलंत, "म्हायेरी ट्रॅक्टर चालवायचीस म्हणं. उसाची ट्रॉली मागं घेता येती का?"

येते, म्हटलं. इंदापूरच्या पुढं, उजनीच्या पाण्याकाठी आमची शेती आहे. बांधावरून ट्रॉली मागं घेतच मी मोठी झाले.

"एका दमात?"

"एका दमात."

तुम्ही भाकरी मोडलीत आणि म्हणालात, "रविवारी बूट घालून ये."

तुमचा मुलगा नंतर मला म्हणाला, आबांनी मला ट्रॅक्टरला हात लावू दिला नव्हता दहावीपर्यंत. तो रुसला नव्हता, त्याला नवल वाटलं होतं. आईंनी काही न बोलता माझ्या दोन ड्रेसना खोल खिसे शिवून दिले. ओढणी मात्र घरी ठेवायची, गाडीच्या साखळीत जाईल, हा तुमचा पहिला नियम.

पहिला महिना तुम्ही मला गाडीवर बसूच दिलं नाहीत. गाडीच्या मागून चालायला लावलंत. जमीन बघायची. तेल कुठं सांडलंय, उतार कुठं आहे, फरशीला तडा कुठं गेलाय. मला राग यायचा. चालायला शिकायला मी काय लहान होते? मग एक दिवस तुम्ही मला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलंत आणि गाडी वळवायला सांगितलीत. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते. मी पुढं बघून वळले आणि गाडीची शेपूट जाऊन पॅलेटच्या थप्पीला धडकली. तुम्ही ओरडला नाहीत. विचारलंत, की तिथं माणूस असता तर. तेव्हा कळलं, महिनाभर तुम्ही मला कुठल्या जागेवरून चालायला लावत होता. ती शेपटीचीच जागा होती.

आणि त्या गाडीचं मागचं अंग. तिथं आत काय असतं, मी विचारलं होतं. मला वाटलं, इंजिन असेल. तुम्ही सांगितलंत, इंजिन थोडं, बाकी ओतीव लोखंड. पुढच्या वजनानं गाडी तोंडावर पडू नये म्हणून मागं तेवढंच वजन घालून ठेवलेलं असतं. कामाचं काही नाही, नुसतं वजन. मग ही गाडी रिकामी असली तरी ते ओझं घेऊनच फिरते का? "फिरती ना," तुम्ही म्हणालात. "ती रिकामी कधीच नसती." अजूनही रिकामी गाडी घेऊन गोदामातून जाताना मला ते आठवतं आणि त्या मागच्या लोखंडाची माया येते. लोखंडाबद्दल मला असं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

प्रशिक्षणाचा दाखला मिळाला, मी गाडीवर रुजू झाले, तुम्ही निवृत्त झालात. मग आपलं एक नवं चालू झालं. संध्याकाळी मी बूट काढायच्या आत तुम्ही ओट्यावरून विचारायचा, "आज काय उचललं?" मी सांगायची. कुठलं पॅलेट मोडकं निघालं, कुठल्या ट्रकचा फाळका वाकडा होता, कुठला ड्रायव्हर घाई करत होता. तुम्ही डोळे मिटून ऐकायचा आणि मध्येच विचारायचा, मग तू काटे किती झुकवलेस. कारखान्यानं बॅटरीवरची गाडी घेतली तेव्हा आपण पंधरा दिवस वाद घातला. धूर नाही, आवाज नाही, मान दुखत नाही, मी म्हणायची. तुम्ही म्हणायचा, आवाज नसलेली गाडी येतेय हे माणसाला कळणार कसं. डिझेलची गाडी लांबूनच सांगते, सरा बाजूला. मी म्हणायची, हॉर्न आहे. तुम्ही म्हणायचा, हॉर्न वाजवायला ध्यानात राहावं लागतं. हे भांडण मला आवडायचं. ते कुणी जिंकावं असं दोघांनाही वाटत नव्हतं.

दुसरं भांडण तसलं नव्हतं.

या श्रावणातली गोष्ट. दोन दिवस झड लागली होती आणि गोदामाच्या पत्र्यातून एका जागी पाणी गळत होतं, बरोबर गोण्यांच्या सगळ्यात उंच थप्पीवर. नामदेवमामा ताडपत्री घेऊन वर चढले. आमच्या लोडिंगच्या माणसांतले सगळ्यात जुने, इंदापूरकडचेच, म्हणून मी त्यांना मामा म्हणते. त्या दिवशी सोमवार होता, त्यांचा उपवास, आणि त्यांना साखरेचा आजार. गोळी घेतलेली, पोटात काही नाही. वर ताडपत्री पसरता पसरता ते बसले आणि तिथंच आडवे झाले. बाळू नावाचा दुसरा लोडर गोण्यांवरून चढून वर गेला. त्यानं वरून सांगितलं, मामा बोलत नाहीत, अंगाला दरदरून घाम सुटलाय, आणि एक पाय थप्पीबाहेर लोंबतोय. त्या कडेच्या गोण्या भिजून बसायला लागल्या होत्या.

शिडी होती, पण शिडीवरून बेशुद्ध माणूस कसा उतरवणार. अग्निशमनच्या गाडीला फोन केला. यायला वेळ लागेल म्हणाले. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला कुणी काही सांगितलं नाही, आबा. निर्णय माझाच होता.

मी एक नवं पॅलेट घेतलं, त्यावर रिकामी पोती अंथरली, साखळीनं ते काट्यांमागच्या जाळीला आवळून घेतलं. गाडी थप्पीला लावली आणि पॅलेट वर नेलं, थप्पीच्या बरोबरीनं. बाळूनं मामांना बगलेत धरून ओढलं आणि त्यांना घेऊन तो पॅलेटवर आडवा पडला. मी त्याला सांगितलं, हलायचं नाही, मामांना सोडायचं नाही. मग खाली घ्यायला सुरुवात केली. किती वेळ लागला मला माहीत नाही. मला माझा हात दिसत होता लिव्हरवर आणि तो माझा वाटत नव्हता. पॅलेट जमिनीला टेकलं तेव्हा आवाज झाला नाही. रुग्णवाहिका आलेली होती. दवाखान्यात सलाइन लागली आणि संध्याकाळी मामा चहा मागायला लागले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना बोलावून मला शाल-श्रीफळ दिलं. मी ती शाल घेऊन घरी आले. खरं सांगते, सगळ्या रस्त्यानं मी एकच विचार करत होते, की तुम्ही काय म्हणाल.

तुम्ही शालीकडं पाहिलंच नाही. सगळी हकिगत ऐकून घेतलीत आणि विचारलंत, पॅलेट कशानं बांधलं होतं. साखळीनं, म्हटलं. वर किती जण. दोघं. मग विचारलंत, "उचलायच्या तेलाचा पाइप कधी बदललाय?"

ते मला माहीत नव्हतं.

"करायला नगं व्हतं," तुम्ही म्हणालात.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, मग मामांना मरू द्यायचं होतं का?

"तसं म्हणलो न्हाय मी. माणूस माल न्हाय, एवढंच म्हणतोय. माल गप बसतो. माणूस हालतो, घाबरतो, हात घालतो. त्या काट्यांवर माणूस कधी चढवायचा न्हाय. कशासाठी बी न्हाय."

मी चिडले होते. म्हटलं, नियम माणसासाठी असतात. आई मध्ये पडल्या, जेवून घ्या म्हणाल्या. तुम्ही त्यांच्याकडं न बघता माझ्याशी बोललात, आणि तुमचा आवाज एकदम खाली गेला.

"मी पडताना बघितलाय एक जण. आधीच्या कंपनीत. ट्यूब बदलायला वर नेला व्हता. दुसरा चालवत व्हता, मी खाली हुबा व्हतो. तो खाली आला आन् त्याच्या चपला वरच ऱ्हायल्या, पॅलेटवर. जोडीनं ठेवल्यागत."

इतक्या वर्षांत तुम्ही हे कुणाला सांगितलं नव्हतं. आईंनासुद्धा नाही, त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मी तिथं थांबायला हवं होतं. मी काय बोलले ते तुम्हाला आठवत असेल. मी म्हटलं, "तुमचा पडला असेल. माझा पडला नाही."

तुम्ही अर्ध्या ताटावरून उठलात आणि हात धुतलेत.

आता जे सांगायचंय ते मी तुम्हाला सांगितलेलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या मी मेकॅनिकला बोलावून तो पाइप बघायला लावला. गाडीच्या पुढच्या उभ्या खांबाच्या मागं, जिथं तो वाकतो, तिथं त्याला चीर गेली होती. वरचं रबर फाटून आतली तार दिसत होती. मेकॅनिक म्हणाला, कधीपण फुटला असता आणि काटे खाली कोसळले असते. तो बदलला. मी गोदामाच्या मागं जाऊन बसले, आणि पहिला ट्रक बाळूला हातानं उतरवायला सांगावा लागला. मामा आणि बाळू त्या चिरलेल्या पाइपाच्या भरवशावर खाली आले होते.

हे मी घरी येऊन तुम्हाला सांगायचं होतं. त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी. ओट्यावर बसून नुसतं म्हणायचं होतं, आबा, पाइप चिरलेला होता. पण त्या संध्याकाळी मी बूट काढले आणि तुम्ही काही विचारलं नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. चहा घेतलास का, पाऊस होता का तिकडं, सगळं विचारायचा. आज काय उचललं, हे विचारणं बंद झालं. तुम्ही विचाराल तेव्हा सांगू, असं मी ठरवलं. तुम्ही काय ठरवलं होतंत, मला माहीत नव्हतं. असे चार महिने गेले, आबा. एका ओट्यावर.

आणि मग ती सकाळ. तुम्ही शेवग्याच्या आळ्यात पाणी सोडून आलात आणि छातीत कळ आली म्हणालात. बारामतीला नेलं. आत जाऊ दिलं तेव्हा तुमच्या नाकातोंडात नळ्या होत्या. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी तोंड उघडलं आणि नर्स म्हणाली, त्यांना बोलायला लावू नका. मी तुमच्या पायांवरची चादर नीट केली आणि बाहेर आले. दुपारनंतर सगळं संपलं.

नवव्या दिवशी तुमचा फोन वाजला. तो बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी घेतला. पलीकडून इस्माईलभाई नावाचे कुणी बोलत होते. एमआयडीसीच्या मागच्या अंगाला त्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, म्हणाले. आबांना सांगा, पिंजरा तयार झालाय, रंगही वाळलाय, कधी येतात बघायला.

मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, सगळं आटपल्यावर तुम्ही या.

काल गेलो. आई म्हणाल्या, मीपण येते. वर्कशॉपच्या अंगणात तो उभा होता, पिवळ्या रंगाचा, दोन माणसं उभी राहतील एवढा लोखंडी पिंजरा. छातीएवढा कठडा. फोर्कलिफ्टचे काटे शिरतील अशा खाली दोन खोबणी, आणि काटे शिरल्यावर मागून अडकवायची खीळ, म्हणजे तो घसरून निघू नये. गाडीच्या साखळ्यांच्या अंगाला दाट जाळी, म्हणजे आतल्या माणसाची बोटं तिकडं जाऊ नयेत. कमरेचा पट्टा अडकवायला दोन कड्या. तळाला चारी बाजूंनी वीतभर उंचीची पट्टी.

इस्माईलभाईंनी सगळं सांगितलं. तुम्ही तीन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा आलात, वहीत काढलेलं चित्र घेऊन. मग दर आठ-पंधरा दिवसांनी येत राहिलात. आई माझ्याकडं बघायला लागल्या. त्या म्हणाल्या, ते तर दाताच्या डॉक्टरकडं म्हणून जायचे. इस्माईलभाईंनी पहिल्यांदा दार बाहेर उघडणारं केलं होतं. तुम्ही ते कापून पुन्हा करायला लावलंत. ते चिडले होते तेव्हा, त्यांनीच सांगितलं. तुमचं उत्तर त्यांनी जसंच्या तसं सांगितलं: "माणूस घाबरला की दाराला रेलतो. दार आत उघडलं पायजे." कठड्याला बाहेरून एक पत्र्याची पाटी ठोकलेली आहे, तुमच्या सांगण्यावरून रंगवलेली. दोन माणसं. आधी वजन चढवून बघणे. पाइप बघणे.

मी ती पाटी तीनदा वाचली. मला वाटलं होतं, तुम्ही माझ्याशी बोलत नाही. इतके महिने तुम्ही माझ्याशीच बोलत होता, या पिंजऱ्यातून.

इस्माईलभाई म्हणाले, मी त्यांना म्हटलं होतं, माझ्याकडं जुनी गाडी आहे, पत्रे हलवायला घेतलेली, आत्ताच अडकवून बघू. आबा नको म्हणाले. "पयला मीच हुबा ऱ्हाणार. पण तुमी चालवायची न्हाय. माझी सून चालवंल."

मी तिथल्या लोखंडाच्या ढिगावर बसले. रडले नाही. मला फार मोठं काहीतरी बघितल्यासारखं झालं होतं, आणि ते मावेल एवढी जागा माझ्यात नव्हती. तुम्ही चुकला नव्हता आणि मला चूक ठरवून तिथंच थांबलाही नव्हता. उद्या पुन्हा कुणी वर अडकला तर ही पोरगी पुन्हा काटे वर नेणार, हे तुम्हाला माहीत होतं. मग तिनं माणूस कशातून न्यावा, ते तुम्ही करून ठेवलंत.

मग मी उठले. त्या जुन्या गाडीचे पाइप बघितले, साखळ्या बघितल्या, ब्रेक बघितला. पिंजरा अडकवला, खीळ लावली. दोन माणसांच्या वजनाहून जास्त पत्रे आत ठेवून वर नेलं, तसंच धरून ठेवलं, खाली आणलं. पुन्हा सगळे सांधे बघितले. काही हललं नव्हतं. इस्माईलभाई पत्रे काढून आत शिरायला निघाले, तेव्हा आई पुढं आल्या.

"ह्यांच्या जागी मी हुबी ऱ्हाते," म्हणाल्या.

आम्ही दोघांनीही नको म्हटलं. गुडघे दुखतात, चक्कर येईल, मी खूप सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या आणि आपल्या पायांतल्या चपलांकडं बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "तू चालवणार हायेस न्हवं?" मी गाडीवर चढून बसले. इस्माईलभाईंनी त्यांच्या लुगड्यावरून पट्टा बांधला, दोन्ही कड्यांत अडकवला, खेचून बघितला. दार आत ओढून लावलं.

मी गाडी जागची हलवली नाही. फक्त वर नेलं. इतकं सावकाश मी आयुष्यात काही उचललेलं नाही. शेडच्या पत्र्याच्या वर आई निघाल्या आणि ऊन त्यांच्या तोंडावर आलं. तिथं मी थांबवलं आणि विचारलं, आई, बरं वाटतंय ना. दोन्ही हातांनी कठडा धरून त्या लांब बघत होत्या, उसाच्या अंगाला, कालव्याच्या अंगाला, आपल्या रस्त्याच्या अंगाला. आयुष्यभर त्यांनी तुमचा डबा भरला, पण तुमचं काम कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी खाली माझ्याकडं बघितलं.

"ह्यांनी कुणाला असं वर नेलं न्हाय ना कधी?"

"नाही, आई. कधीच नाही."

"म्हंजे मी पयलीच."

"पहिल्याच."

त्यांनी एका हातानं पदर नीट केला आणि तो हात पुन्हा कठड्यावर ठेवला. "ऱ्हाऊ दी जरा असंच," म्हणाल्या. मी राहू दिलं, आबा.